माळ्यावरचा मेकॅनो

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावर चढायचं काम माझंच. यंदा जुन्या गाद्यांमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. हलवला तर खुळखुळ! मेकॅनो! भोकं भोकं असलेल्या लाल-हिरव्या पट्ट्या, नट-बोल्ट, चिमुकला पाना. खालून आईचं फर्मान आलंच, "भंगारवाल्याच्या पिशवीत टाक."

टाकणारच होतो. पण सहज म्हणून चार पट्ट्या जोडल्या आणि माळ्यावरच बसकण मारली. नुसता चौकोन केला की तो हातातल्या हातात तिरपा होतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात एक पट्टी लावा, गप्प ताठ उभा राहतो! सेकंड इयरला सरांनी फळा भरभरून शिकवलेला ट्रस तो हाच. चौथीतच बोटांना कळला होता. (तरी केटी लागलीच, तो विषय वेगळा.)

फ्रँक हॉर्नबी या लिव्हरपूलच्या कारकुनाने हा खेळ स्वतःच्या मुलांसाठी बनवला आणि १९०१मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आयडिया साधी. भोकांमधलं अंतर सगळीकडे अर्धा इंच, त्यामुळे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला बसते. पुस्तिकेतली क्रेन झाली की मोडा आणि मनाला येईल ते करा. १९३४मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी बरेचसे मेकॅनोचेच भाग वापरून डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवणारं यंत्र उभं केलं. एम-थ्रीवाल्यांनो, वाचताय ना?

अर्थात मेकॅनो महाग. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांकडेच होता. बाकीच्यांसाठी अरविंद गुप्तांची युक्ती होती. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्या, तुकडे करा, दोन्ही बाजूंनी आगकाड्या खोचा. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेतून त्यांनी अशी कितीतरी खेळणी पोरांच्या हातात दिली. काड्यांचा चौकोनही असाच तिरपा होतो बरं का, आणि त्रिकोण हलत नाही.

आता मी फायनल इयरला. सॉफ्टवेअरमध्ये सगळे जॉइंट पहिल्या फटक्यात बसतात, बोल्ट कधी आडवा जात नाही. गेल्या महिन्यात इंटरव्ह्यूत विचारलं, "शेवटचं स्वतःच्या हाताने काय बनवलंस?" माझ्या तोंडून निघालं, "पीपीटी." समोरचे तिघंही हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

डबा घेऊन खाली उतरलो. बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "क्रेनचा हुक आहे का रे त्यात?"

हुक नव्हता. भंगारवाला येऊन गेला, आम्ही दोघं अजून हुकच शोधतोय.