झाकणाची किंमत

परवा, एप्रिलच्या भर दुपारी, गाडीची कागदपत्रं काढायला मी डॅशबोर्डचा खण उघडू गेलो, तर झाकण सबंध हातातच आलं. जोर जरा जास्त लावला होता, हे कबूल करायला हवं. बिजागरीचे दोन्ही कान मोडले होते आणि एका कोपऱ्यातून निघालेला तडा थेट झाकणाच्या मध्यापर्यंत गेला होता. शेजारी बसलेली सौ. म्हणाली, "आता तरी द्या कुणाला तरी."

गाडी १९९५ सालची पद्मिनी. कर्मचाऱ्यांना मिळणारं वाहनकर्ज काढून घेतलेली. तिची चारही चाकं अजून इमानानं फिरतात. इंजिनाचं आमचे करमाळ्याचे मिस्त्री सांगतात, "सायेब, इंजनाला काय बी झालं न्हाई. तुमच्याआधी काय जात न्हाई ती." पण जुन्या गाडीचं खरं दुखणं इंजिनात नसतं, हे मला झाकणानं शिकवलं. पिस्टन, क्लच प्लेट, ब्रेकचे सामान हे झिजणारच, म्हणून ते पुष्कळ बनतं आणि दुकानात पडून राहतं. झाकण, मूठ, बटणाची चौकट हे कुणी झिजण्याच्या हिशेबात धरत नाही. कारखाना थांबला की पहिल्यांदा नाहीसं होतं ते हेच.

कारखान्याशी आम्हा सोलापूरकरांचं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. उजनीच्या पाण्यापलीकडे, इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचं वालचंदनगर आहे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं जी गाडी बनू लागली, तिलाच सत्तरीच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. त्या बातमीनं पुष्कळांचे डोळे ओलावले. माझ्यासारख्याला त्यात आणखी एक चिंता होती. टॅक्सी भंगारात जातात तेव्हा काही दिवस भंगारवाल्याकडे सुटे भाग ढिगानं येतात. मग तो ढीग संपतो, आणि पुन्हा भरत नाही.

तरी पुण्याला गेलो तेव्हा रविवारी जुन्या बाजारात दोन तास उन्हात फिरलो. पद्मिनीची दारं मिळाली, आरसे मिळाले, एक स्टिअरिंगसुद्धा मिळालं. झाकण एकच सापडलं, आणि त्याचीही बिजागरी माझ्यासारखीच मोडलेली!

सगळ्यांची मोडते ती एकाच जागी, याला कारण आहे. नव्या प्लॅस्टिकला मऊपणा राहावा म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळतात. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढं तापू शकतो. तेवढ्या उष्णतेत ही द्रव्यं हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो आणि आपण धूळ म्हणून पुसतो, तो पुष्कळदा हाच असतो. शिवाय उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडत राहतात. पंचवीस-तीस उन्हाळ्यांनंतर उरतो तो पापडासारखा कडकपणा. बिजागरी मुळातच पातळ आणि तिलाच रोज वाकायचं असतं. म्हणून पहिला बळी तिचा.

मुलानं पुण्याहून उपाय काढला. मोडक्या झाकणाची मापं घेऊन थ्रीडी प्रिंटरवर नवं करून पाठवलं. दिसायला देखणं, बसलंही नेमकं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो मधोमध वाकून त्याचा द्रोण झालेला! त्या यंत्रात नेहमी वापरतात ते प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. गाडीत त्याहून टणक जातीचं लागतं. पुण्याच्या सावलीत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी मिस्त्रींकडेच गेलो. झाकण मी घरी चिकटद्रव लावून एकदा जोडलं होतं. ते पाहून ते हसले. असा सांधा काचेसारखा कडक होतो आणि वाकण्याच्या जागी टिकत नाही. त्यांनी आधी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. डॅशबोर्डमागं तारांचं जाळं असतं, पाना चुकून लागला तर ठिणगी पडते. काढलेला प्रत्येक स्क्रू थर्मोकोलच्या तुकड्यावर ज्या जागेचा त्या जागी टोचून ठेवला. मग तडा जिथं संपत होता तिथं सुईएवढं भोक पाडलं. "हितं भोक पाडलं की तडा म्होरं पळत न्हाई," म्हणाले. आतल्या बाजूनं पितळेची बारीक जाळी ठेवून तापलेल्या डागणीनं ती प्लॅस्टिकमध्ये बुडवली. मोडलेल्या कानांच्या जागी पत्र्याचे दोन कान बसवले आणि त्यांतून सायकलचा एक स्पोक आरपार घातला. तासाभराचं काम.

मी बाकावर बसून पाहत होतो, आणि मला एक जीप आठवली.

१९९८ साली एका तालुक्याच्या शाखेत मी अधिकारी होतो. वडापच्या जीपवर कर्ज घेतलेल्या एका शेतकऱ्याचे हप्ते थकले. जीप ओढून आणली गेली. लिलावाआधी राखीव किंमत ठरवण्यासाठी तिची पाहणी माझ्याकडं आली. मी यादी केली. टायर झिजलेले, वजा इतके. एक दिवा फुटलेला, वजा इतके. खणाचं झाकण तारेनं बांधलेलं होतं. मी लिहिलं : आतील भाग मोडका, वजा दोन हजार. तो शेतकरी कुंपणापाशी उभा होता. जवळ येऊन म्हणाला, "सायेब, त्ये झाकण पोरीनं मोडलंया खेळताना. त्याचं नका कापू."

मी कापलं. नियमाप्रमाणं कापलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. जीप जेवढी स्वस्तात जाईल तेवढं उरलेलं कर्ज त्याच्याच नावावर राहणार, हे मला ठाऊक होतं. त्याला ते ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. दोन हजार हा आकडा तरी कुठून आणला? झाकणाची दुरुस्ती कितीला होते, हे मी कुणा मिस्त्रीला विचारलं नव्हतं. दोन हजार ही कागदावर शोभणारी रक्कम होती, एवढंच. पुढं कादंबऱ्यांतून मी बँकेतली पुष्कळ माणसं आणली. ती जीप कधी आणली नाही. त्या माणसाचं नाव मला आठवतं, पण ते इथं लिहिणार नाही.

मिस्त्रींनी झाकण बसवलं, चार वेळा उघडझाप करून पाहिलं आणि फडक्याला हात पुसले.

"किती झाले?" मी विचारलं.

"द्या दोनशे."

मी दोनशे रुपये दिले. सत्तावीस वर्षांपूर्वी मी याच कामाचे दोन हजार कापले होते.

आता गाडी कडुनिंबाखाली उभी करतो, डॅशबोर्डवर जुनी चादर टाकतो. झाकणावरची जोडाची रेघ स्पष्ट दिसते. मुलगा म्हणाला, "बाबा, वरून रंग मारून घ्या, कळणारही नाही." मी ती तशीच ठेवली आहे.