गाडी घेण्यापूर्वी वही उघडावी

नाताळ आटोपला की आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यांतून नव्या गाड्यांवर आशीर्वाद मागण्यास माणसे येऊ लागतात. यंदा मात्र एक कुटुंब गाडी घेण्यापूर्वीच आमच्याकडे आले, याचा आम्हांस संतोष वाटला. कारण गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडण्यापलीकडे आमच्या हाती काही उरत नाही.

घरची भातशेती व थोडी काजूची झाडे. थोरला मुलगा आखातात, धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रजेवर आलेल्या मुलाने एक मोठी डिझेल गाडी पसंत केली होती व सात वर्षांचे हप्ते ठरवीत आणले होते. आई इतकेच म्हणाली, "फादर, हप्ता कसातरी भरू; पण तेल कशानं घालायचं? पोरीची फी तर थांबायची नाही." हाच प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या घरी आज चर्चिला जात असेल, म्हणून त्या दिवशी ओट्यावर बसून जो हिशेब केला तो येथे मांडीत आहोत.

गाडी ॲव्हरेज किती देते, हे सर्वांस ठाऊक होते. ती वर्षाला किती धावेल, हे मात्र कोणासच सांगता येईना. तेव्हा वही घेतली. रविवारचे चर्च, आठवड्याचा बाजार, महिन्यातून दोनदा बेळगाव, वर्षातून दोनदा गोव्याचे नातेवाईक. लग्नकार्य व आजारपण धरूनही बेरीज ४,००० किलोमीटरांपलीकडे जाईना. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू. हिशेबास आकडा सोपा, आणि मुंबईत तो २०२१ सालीच ओलांडला गेला. लिटरमागे २० किलोमीटर देणारी गाडी वर्षाला २०,००० रुपयांचे पेट्रोल घेईल. १५ देणारी सुमारे २६,७००. फरक महिन्याला साडेपाचशे रुपयांचा. म्हणजे जास्त ॲव्हरेजच्या लोभाने किमतीत लाख रुपये अधिक मोजले, तर ते वसूल होण्यास पंधरा वर्षे लागतील! हेच गणित रोज कामावर जाऊन वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाने मांडावे: त्याचे वर्षाला ३३,००० रुपये वाचतात, व त्याने लाख रुपये अधिक दिले तर तीन वर्षांत फिटतात. गाडी तीच, परंतु एकाला शहाणपणाची व दुसऱ्याला तोट्याची.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १० किलोमीटर देणारी गाडी सोडून १२ देणारी घेतली, तर दहा हजार किलोमीटरांत १६७ लिटर वाचतात. २० ची सोडून २४ ची घेतली, तर ८३ लिटरच. जड गाडीच्या मोहातून सुटण्यात जितकी बचत आहे, तितकी दोन लहान गाड्यांच्या जाहिराती ताडून पाहण्यात नाही.

डिझेल स्वस्त, ही खेड्यातील जुनी समजूत. २०१४ साली डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले व दोन दरांतील ती मोठी तफावत राहिली नाही. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळण्यास इंजिन लांबवर तापलेले चालावे लागते. याबाबतीत आम्ही स्वतः फसलो आहोत. आजाऱ्यांच्या भेटीसाठी चार-सहा किलोमीटर जाणे-येणे करणारी आमची गाडी वर्षभरात तीनदा गॅरेजात गेली. दोष गाडीचा नव्हे, निवड करणाऱ्या आमचा होता.

सीएनजीचेही तसेच. त्या गाडीला ९०,००० रुपये अधिक पडले व किलोमीटरमागे दीड रुपया वाचला, असे समजा. भरपाई ६०,००० किलोमीटरांनी होईल. आपल्या या कुटुंबास त्याला पंधरा वर्षे लागली असती. डिकीतील जागा टाकी खाते, ती तांदळाची पोती कोठे ठेवायची? आणि पंप जवळ नसेल तर गॅस भरण्यासाठीच पेट्रोल जाळावे लागेल.

जाहिरातीतील आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेतील असतो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत गाडी रुळांवर जागच्या जागी धावविली जाते, एसी बंद ठेवून. तेथे चोर्ल्याचा घाट नाही, मे महिना नाही, मागे बसलेली चार माणसे नाहीत. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील ऊसकऱ्यांस त्याने आधार दिला हे खरे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून लिटर तेवढाच असला तरी त्यातील एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. जुनी गाडी घेणारांनी ती एप्रिल २०२३ नंतरची आहे की काय, हे अवश्य पाहावे. त्या वेळेपासूनच्या गाड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या आहेत.

मग खरा आकडा कोठे मिळेल? ज्याच्याकडे तीच गाडी आहे, त्याच्याकडे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावे, चार दिवस नेहमीसारखे फिरावे, पुन्हा काठोकाठ भरावी. धावलेले किलोमीटर दुसऱ्या वेळी मावलेल्या लिटरांनी भागावे.

मुलगा त्या दिवशी फारसा बोलला नाही. मोठी गाडी गावात शोभली असती, हे आम्हीही नाकारले नाही. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या वाड्यावर गेलो, तेव्हा बाप ओट्यावर वही घेऊन बसला होता. एक लहान पेट्रोल गाडी बेत म्हणून पुढे आली होती व शेजारच्या गावातील तशाच गाडीत बसून बापलेकांनी टाकी मोजली होती. कंपनीचा आकडा २२, वहीतला १७. वर्षाचे ३,५०० रुपये आमच्या हिशेबापेक्षा वाढत होते, आणि ते कोठून काढावेत याविषयी आईचे व त्याचे बोलणे चालले होते.