जमिनीखालचे पाणी मुलांना दाखवू या

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ग्वेल्फ नावाचे शहर आहे. १८२७ साली वसलेल्या या शहरात २०२१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ४४ हजार लोक होते. प्रांतात समुद्रासारखी सरोवरे असूनही हे शहर जवळजवळ संपूर्णपणे भूजलावर जगते. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकांत मुरते, तेच विहिरींतून नळाला येते. म्हणून उन्हाळ्यात तेथे बागेला पाणी घालण्यावरही नियम असतात.

पण न दिसणारे पाणी मुलांना समजावे कसे? त्या भागात १९९६ साली शाळकरी मुलांसाठी भूजल महोत्सव सुरू झाला. तेथे मुले स्वतःच्या हातांनी करून शिकतात.

आपल्या मॉरिशसला हे परके नाही. पाऊस लांबला की आपण सारे मार-ओ-वाकोआ तलावाकडे पाहतो. मात्र आपल्या नळाचे पुष्कळसे पाणी जमिनीखालूनच येते, हे किती मुलांना ठाऊक आहे?

आम्ही शिक्षक वर्गात एक सोपा प्रयोग करतो. काचेच्या बरणीत खडे व वाळू भरून पाणी ओततो, वर शाईचे थेंब टाकतो. शाई खाली उतरताना पाहून मुले आपणहून विचारतात, "मग अंगणात सांडलेले तेल कुठे जाते?"

विजेचेही तसेच आहे. ज्या उसात आपले पूर्वज राबले, त्याच्या चोथ्यावर आज वीज तयार होते. तरी पुष्कळशी वीज बाहेरून आणलेल्या तेल-कोळशावरच चालते.

पालकहो, बरणीचा हा प्रयोग घरीही करून पाहावा. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अंगणात द्यायचे आहे.