एका शब्दाचा समुद्रप्रवास : ‘फुंदुक’ आणि भूमध्य समुद्रावरील समाज

भूमध्य समुद्राच्या इतिहासाविषयीचा एक वाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आलेला आहे. बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन ह्यांचा महंमद आणि शार्लमेन ह्यांच्यावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली, प्रसिद्ध झाला. रोमन साम्राज्याने एकत्र बांधलेला हा समुद्र जर्मानिक टोळ्यांच्या स्वाऱ्यांनी दुभंगला नव्हता. सातव्या शतकातील अरबांच्या विजयांनी मात्र तो दुभंगला आणि पश्चिम युरोपास समुद्राकडे पाठ फिरवावी लागली, हा त्यांचा सिद्धांत होय. उलटपक्षी, फेर्नां ब्रोदेल ह्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोळाव्या शतकातील ह्या समुद्राच्या सर्व तीरांवरील जीवनाचे मूलभूत ऐक्य प्रतिपादिले. हा वाद मुख्यतः नाणी, दप्तरे आणि उत्खननात सापडलेल्या वस्तू ह्यांच्या आधारे झालेला आहे. भाषेची साक्षही ह्या कामी उपयोगी पडते किंवा नाही, आणि पडत असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, हे प्रस्तुत लेखात एकाच शब्दाच्या इतिहासावरून पाहावयाचे आहे.

हा शब्द मूळचा ग्रीक. ‘पान्दोकेइऑन’ म्हणजे उतारूंची धर्मशाळा, किंवा अधिक अचूक बोलायचे तर पैसे देऊन उतरण्याची सराई. ‘पान्’ म्हणजे सर्व आणि ‘देखेस्थाइ’ म्हणजे स्वीकारणे. सर्वांना आत घेणारी जागा, असा त्याचा अवयवार्थ. लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्य जखमी वाटसरूस जेथे नेऊन ठेवतो व त्याच्या शुश्रूषेसाठी पैसे देतो, त्या जागेस मूळ ग्रीक संहितेत हाच शब्द आहे. समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रीकांच्या शेजारी राहणाऱ्या सेमिटिक भाषांनी हा शब्द फार पूर्वी उचलला. हिब्रूत त्याचे ‘पुंदक’ असे रूप आढळते. पुढे सीरिया व ईजिप्त अरबांच्या सत्तेखाली आल्यावर तोच शब्द अरबीत ‘फुंदुक’ ह्या रूपाने स्थिर झाला. अरबीत ‘प’ हा वर्ण नाही. त्याच्या जागी येथे ‘फ’ आलेला आहे. राज्यकर्ते बदलले, धर्म बदलला, परंतु सराईचे दार बंद झाले नाही व तिचे नावही पुसले गेले नाही, एवढा अर्थ ह्या पहिल्या स्थित्यंतरातून निघतो.

दुसरे स्थित्यंतर अधिक बोधप्रद आहे. इटालियन भाषेत व्यापाऱ्यांच्या वखारीस व निवासास ‘फोंदाको’ म्हणतात. ग्रीक भाषेशी इटलीचा संबंध प्राचीन काळापासून होता. तेव्हा हा शब्द ग्रीकातून थेट आला असेल, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु इटालियनमध्ये ‘प’ विपुल आहे. मूळ ग्रीक शब्द थेट आला असता, तर त्याचा आरंभीचा ‘प’ बदलण्याचे काहीच कारण नव्हते. ‘फोंदाको’तील ‘फ’ हा शब्द अरबीच्या वाटेने आल्याचा पुरावा ठरतो. म्हणजे उत्तर किनाऱ्यावरील ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी एक ग्रीक शब्द दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवरील मुसलमानी बंदरांतून परत उचलला.

हा शब्द युरोपात एकाच दाराने शिरला नाही, हेही त्याच्या रूपांवरून दिसते. स्पॅनिशमध्ये ‘आलोंदिगा’ व पोर्तुगीजमध्ये ‘अल्फांदेगा’ अशी त्याची रूपे आहेत. दोहोंच्या आरंभी अरबी ‘अल्’ हे उपपद चिकटलेले आहे. इटालियन रूपात ते नाही. (स्पॅनिश रूपातील ‘फ’चा प्रथम ‘ह’ झाला आणि नंतर उच्चारातून तोही गेला, लेखनात मात्र तो आजही टिकून आहे.) हा भेद ह्या एकाच शब्दापुरता नाही. कापसाला इटालियनमध्ये ‘कोतोने’, पण स्पॅनिशमध्ये ‘आल्गोदोन’. आपल्या ‘शर्करे’पासून फारसीमार्गे सिद्ध झालेला अरबी ‘सुक्कर’ इटालियनमध्ये ‘त्सुक्केरो’ झाला. स्पॅनिशमध्ये मात्र तो ‘अस्-सुक्कर’ ह्या उपपदयुक्त उच्चारावरून ‘आसूकार’ झाला. ह्या भेदाच्या कारणांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि इबेरियातील देवघेव आणि इटलीतील देवघेव ह्या दोन स्वतंत्र घटना होत्या, हे ह्या रूपभेदावरून मान्य करावे लागते. एखादा शब्द अपघाताने एकदा उचलला जाऊ शकतो. निरनिराळ्या किनाऱ्यांवर तो स्वतंत्रपणे उचलला जातो, तेव्हा त्यामागील संस्थेची गरज सर्वत्र भासत होती असे समजावे.

ती संस्था कशी होती, हे आता पाहू. मध्ये चौक, खाली मालाची कोठारे, वर राहण्याच्या खोल्या आणि बाहेर पडण्यास बहुधा एकच मोठा दरवाजा, अशी ह्या वास्तूची सर्वसाधारण रचना असे. ग्रानादा येथील चौदाव्या शतकातील अशी एक वास्तू आजही उभी आहे. तेराव्या शतकात अलेक्झांड्रिया येथे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे असे दोन फोंदाको होते. आत त्यांचे स्वतःचे प्रार्थनामंदिर, स्वतःची भट्टी, स्वतःचा वकील. मद्यासही तेथे मज्जाव नव्हता. परंतु रात्री दरवाजास बाहेरून कुलूप पडे. व्हेनिसने हाच कित्ता आपल्या घरी गिरविला. तेथील जर्मन व्यापाऱ्यांच्या फोंदाकोची इमारत १५०५ साली जळाली व १५०८ साली पुन्हा बांधून झाली. जर्मन व्यापाऱ्याने तेथेच उतरावे, माल तेथेच ठेवावा आणि सरकारने नेमलेल्या दलालामार्फतच सौदा करावा, असा दंडक होता. ह्या दलालाचे ‘सेन्साले’ हे नावही अरबी ‘सिम्सार’वरून आलेले आहे. १६२१ साली ऑटोमन व्यापाऱ्यांसाठीही तेथे वेगळा फोंदाको उघडण्यात आला. त्याचेही दार रात्री बंद होत असे. परक्याला ठेवून घेणे आणि तरीही त्याला परका ठेवणे, ही दोन्ही कामे एकच वास्तू करीत होती. ‘सर्वांना आत घेणारी’ हा मूळ अर्थ येथवर येईतो पुष्कळच आकुंचित झालेला दिसतो.

अर्थाचे हे आकुंचन ग्रीकांनाही भोगावे लागले. अकराव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार मिखाइल आत्तालेइआतेस ह्याने मार्मारा समुद्रावरील राइदेस्तोस (आजचे तुर्कस्तानातील तेकिर्दाग) येथील ‘फूंदाक्स’चा वृत्तांत दिला आहे. सम्राट सातवा मिखाइल (१०७१–७८) ह्याचा मंत्री निकेफोरित्झेस ह्याने तेथे धान्याची सरकारी वखार स्थापिली आणि पूर्वी शेतकरी खुलेपणाने करीत असलेली विक्री तिच्यातूनच करण्याची सक्ती केली. धान्य महागले, असंतोष वाढला आणि १०७७ च्या बंडात लोकांनी ती वखार पाडून टाकली. ज्या शब्दाचा जन्म ग्रीकात ‘सर्वांना आत घेण्या’साठी झाला, तोच अरबी ‘फ’ धारण करून ग्रीकात परतला, तो सक्तीच्या बाजाराचे नाव होऊन. ‘पान्दोकेइऑन’ आणि ‘फूंदाक्स’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, ह्याची सामान्य ग्रीक भाषकास जाणीव असण्याचे कारण नव्हते.

पोर्तुगीजमध्ये ह्या अर्थविकासाचा शेवटचा टप्पा दिसतो. तेथे ‘अल्फांदेगा’ म्हणजे केवळ जकातघर. १५१० नंतर पोर्तुगीजांबरोबर हा शब्द गोव्यास मांडवीच्या तीरावर आला. इटालियन ‘दोगाना’ व फ्रेंच ‘दुआन’ हे जकातवाचक शब्दही ज्या ‘दीवान’पासून आले, तोच शब्द आपल्याकडे फारसीमार्गे ‘दिवाण’ होऊन राहिला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ‘फुंदुक’च्या साक्षीने पिरेन ह्यांचा सिद्धांत सर्वस्वी खोटा ठरतो, असे म्हणता येणार नाही. सातव्या व आठव्या शतकांत पश्चिमेकडील व्यापार किती घटला, हे शब्द सांगू शकत नाही. आगंतुक शब्दावरून संबंध सिद्ध होतो, संबंधाचे परिमाण सिद्ध होत नाही. परंतु दुभंग म्हणजे विच्छेद, अशी जी कल्पना पुष्कळदा गृहीत धरली जाते, ती ह्या साक्षीपुढे टिकत नाही. तसेच ऐक्य म्हणजे एकजीव होणे, ही कल्पनाही टिकत नाही. कुलूप लावणारे आणि आत कोंडले जाणारे दोघेही त्या जागेस एकाच नावाने ओळखत होते. समान समुद्राच्या तीरांवरील समाजांत जे समान होते, ते धर्म वा राज्य नव्हे. परक्याशी व्यवहार कसा करावा ह्याची एक मान्य रीत होती.

ह्या पद्धतीचा उपयोग आपल्या किनाऱ्यासंबंधीही करता येण्याजोगा आहे. ‘बंदर’, ‘जकात’, ‘नाखवा’ हे शब्द मराठीत दख्खनच्या दरबारी फारसीतून आले, की कोकणच्या बंदरांत उतरणाऱ्या दर्यावर्दींच्या तोंडून? त्यांच्या रूपांत ‘फ’सारखी किंवा ‘अल्’सारखी एखादी खूण दडलेली आहे काय? कोश, दप्तरे आणि किनाऱ्यावरील बोली ह्यांची एकत्र तपासणी झाल्याखेरीज ह्याचे उत्तर देऊ नये; परंतु ती तपासणी आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावी, इतके महत्त्व ह्या प्रश्नास निश्चित आहे.