ठिपकेदार घोड्यांचा रातांधळेपणा

फ्रान्समधील पेश मेर्ल गुहेच्या भिंतीवर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी कोणीतरी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले दोन घोडे चितारले. असे घोडे खरेच होते, की ती नुसती कल्पना, यावर अभ्यासकांत मतभेद होते. २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतील आणि दातांतील डीएनए तपासला गेला आणि ठिपक्यांशी निगडित जनुकीय बदल युरोपातील हिमयुगीन रानघोड्यांतही सापडला.

आपल्याकडच्या अबलख घोड्याच्या अंगावर मोठाले पट्टे असतात; ती वेगळ्या जनुकांची करणी. अमेरिकेतील अपालूसा किंवा डेन्मार्कमधील क्नाबस्ट्रुपर घोड्यांचे ठिपके येतात 'टीआरपीएम१' या जनुकातील बदलामुळे. फार पूर्वी एका विषाणूसदृश डीएनएचा १३७८ अक्षरांचा तुकडा या जनुकात घुसला आणि त्याचे काम बिघडले. हा बदल 'एलपी' नावाने ओळखला जातो. ठिपके किती पसरणार, हे मात्र इतर जनुकेही ठरवतात.

आई-वडिलांपैकी एकाकडूनच एलपी मिळाला, तर शिंगराच्या अंगावर ठसठशीत ठिपके उमटू शकतात. दोघांकडूनही मिळाला, तर ठिपके वाढत नाहीत, उलट कमी होतात. काही घोडे जवळजवळ पांढरेच दिसतात. शिवाय असे शिंगरू जन्मतःच रातांधळे असते. कारण हेच जनुक डोळ्याच्या पडद्यातही लागते. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी शाबूत असतात, पण त्यांचा संदेश पुढच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. दिवसा मात्र त्याला दिसते. वयानुसार हा दोष वाढत नाही. औषधाने बराही होत नाही.

माणसातही याच जनुकातील दोषांमुळे जन्मजात रातांधळेपणा येतो. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रातांधळेपणाहून तो निराळा. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तो जात नाही.

एकच एलपी असलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर प्रत्येक शिंगराबाबत रातांधळेपणाची शक्यता चारात एक असते. केसांच्या मुळांवरून होणाऱ्या चाचणीने हे आधीच कळते. दोन एलपी असलेल्या घोड्याची जोडी एलपी नसलेल्या घोडीशी लावली, तर प्रत्येक शिंगराला एकच एलपी मिळतो. ठिपक्यांचा वारसा पुढे जातो आणि रात्रीची नजरही शाबूत राहते.