कॉम्प्युटर सायन्स की नेटवर्किंग? बनारसचे दोन दाखले

पालो आल्टो नेटवर्क्स आणि झीस्केलर या नेटवर्क सुरक्षेतल्या दोन बड्या अमेरिकी कंपन्या. पहिलीची सूत्रे २०१८ पासून निकेश अरोरा यांच्याकडे आहेत, तर दुसरी जय चौधरी यांनी स्थापन केली. दोघेही वाराणसीत, बनारस हिंदू विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकले. हीच संस्था २०१२ मध्ये आयआयटी झाली. अरोरा यांची पदवी इलेक्ट्रिकलची, चौधरी यांची इलेक्ट्रॉनिक्सची. नेटवर्किंगची पदवी दोघांकडेही नाही.

दोन माणसांच्या यशावरून नियम काढता येत नाही. पण बारावीनंतर ‘कॉम्प्युटर सायन्स की नेटवर्किंग’ या पेचात पडलेल्या मुलांनी आणि पालकांनी हा दाखला जरूर लक्षात घ्यावा.

नेटवर्किंगच्या पदवीत राउटर, स्विच, आयपी पत्त्यांची विभागणी, फायरवॉल, सर्व्हरची देखभाल यांवर भर असतो. हात लवकर कामाला लागतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये मात्र गणित, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस असा मोठा पसारा, आणि नेटवर्क हा त्यातला एक विषय. मुलांना हा पसारा कोरडा वाटतो, पण पाया तिथेच आहे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. ओएसपीएफ प्रोटोकॉल वापरणारे राउटर आजही त्याच रीतीने वाट ठरवतात. राउटरला आज्ञा देणे काही महिन्यांत जमते. तो अमुकच वाट का निवडतो, हे समजायला अल्गोरिदम लागतो. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या परीक्षेतही २०२० पासून ऑटोमेशन आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आली आहे. म्हणजे नेटवर्कवाल्यालाही आता कोड टाळता येत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: गणिताची भीती नसेल तर कॉम्प्युटर सायन्सच घ्यावे. नेटवर्किंग नंतर प्रमाणपत्राने शिकता येते. सीसीएनएला पदवीची अट नाही. उलट दिशेने, नोकरी सांभाळून अल्गोरिदम आणि गणित भरून काढणे फार जड जाते. घरची गरज म्हणून तीन वर्षांत कमावते व्हायचे असेल, किंवा यंत्रे जोडण्यातच मन रमत असेल, तर नेटवर्किंगची पदवी निःशंक घ्यावी. ते कमी प्रतीचे काम नव्हे. बँका आणि रुग्णालये त्याच्याच भरवशावर चालतात.

फी भरण्याआधी मात्र दोन गोष्टी करा. अभ्यासक्रमाची प्रत मागून डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय त्यात आहेत का ते तपासा, आणि प्रयोगशाळेत जाऊन विद्यार्थ्यांना राउटर प्रत्यक्ष हाताळू देतात का, हे तिथल्या मुलांनाच विचारा.