प्रतिकारशक्तीलाही लगाम हवा

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. मांजरसुंब्याजवळचा घाट उतरताना गाडीचे इंजिन किती दमदार आहे, यापेक्षा ब्रेक नीट लागतो की नाही, याचीच चिंता चालकाला असते. आपल्या प्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. ती वाढविण्याचा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. तिला आवरणाऱ्या यंत्रणेविषयी मात्र क्वचितच बोलले जाते.

रक्तातील ‘बी’ पेशींपासून प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करणाऱ्या पेशी घडतात. बी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जंतूचा अंश चिकटला, की पेशीच्या आत ‘कामाला लागा’ असा संदेश जातो. हा संदेश मर्यादेत ठेवणारी प्रथिनेही तेथेच असतात. त्यांपैकी ‘सीडी २२’ हे प्रथिन सायलिक आम्ल ही शर्करा ओळखते. आपल्या स्वतःच्या पेशींवर ही शर्करा विपुल असते. ही घरची खूण पटली, की ‘सीडी २२’ एका विकराच्या साह्याने तो संदेश क्षीण करते. दुसरा लगाम अधिक विलक्षण आहे. पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली, की जंतूच्या अंशाला चिकटलेली प्रतिपिंडेच बी पेशीवरील एका निराळ्या ग्राहीला भिडतात आणि ‘आता पुरे’ असा निरोप देतात. हा ग्राही नसलेल्या उंदरांच्या काही जातींत ल्युपससारखा आजार उद्भवल्याचे आढळले आहे.

असे लगाम सैल पडले, तर प्रतिपिंडे आपल्याच शरीरावर उलटू शकतात. उतारवयात लसींना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, पण स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे मात्र अधिक वेळा आढळतात. ती असली म्हणजे आजार असतोच, असे नाही. तथापि ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ हा स्नायू दुबळे करणारा विकार साठीनंतरही सुरू होऊ शकतो. पापणी उतरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळताना त्रास होणे आणि दिवस कलताना थकवा वाढणे, ही त्याची लक्षणे. ‘पेम्फिगॉइड’मध्ये त्वचेवर खाज व ताणलेले फोड येतात. ‘वयच झाले आता’ असे म्हणून ही लक्षणे अंगावर काढू नयेत. श्वास घेण्यास वा गिळण्यास अडचण वाटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी तीन गोष्टींचे भान ठेवावे. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. बी पेशी घटविणारे ‘रिटुक्सिमॅब’ सुरू होण्यापूर्वी लसीकरण आणि ‘हिपॅटायटिस बी’ची तपासणी यांविषयी डॉक्टरांना विचारावे. प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने मिळणारे चूर्ण वा काढा अशा रुग्णाला परस्पर देऊ नये. यात्रेला निघतानाही औषधांची पिशवी आणि चिठ्ठी जवळ असावी.

शत्रूला ओळखणे हे प्रतिकारशक्तीचे अर्धेच काम. आपल्या माणसांवर हात न उचलणे, हे उरलेले अर्धे.